शेवटच्या ओळीचा उतार

पाचूबंदरला आमच्याकडे मयताचं गाणं घरात म्हणत नसत. सराव करायचा तर पुरुष बोंबील वाळत घालायच्या बांबूंपलीकडे वाळूत जात. गाणं म्हणजे जुनी प्रार्थनाच. वाद्य नाही, चाल संथ. पुढचा एक जण ओळ म्हणतो, मागचे तिला उत्तर देतात. आमच्या चर्चमध्ये पुढचा आवाज कायम पप्पांचा. घरात म्हटलेली ओळ घरातल्या कोणाचं तरी मरण बोलावते, असं सगळे मानत.

पप्पा पडले, अंथरुणाला खिळले, आणि मी त्यांना वसई पूर्वेच्या माझ्या फ्लॅटवर आणलं. चर्चमध्ये आता कीबोर्डवर नवी गीतं होतात. ती जुनी चाल पप्पांखेरीज कोणालाच पूर्ण येत नाही. ती शिकायचं मी ठरवलं. गायनमंडळासाठी, असं बायकोला सांगितलं. खरं म्हणजे मी पप्पांच्या मयताची तयारी करत होतो. ते शेजारच्या खोलीत जिवंत असताना. दार लोटून मी अगदी हळू पहिली ओळ म्हटली.

भिंतीआडून उत्तर आलं.

मी तिकडे धावलो. दार उघडलं, तर पप्पा छताकडे बघत पडले होते.

"कोनासाठी शिकतोस?"

मी त्यांची उशी सारखी करू लागलो.

"माझ्यासाठीच ना? मग नीट शीक. वरचा सूर रडका लावतोस. मी मरायच्या आधीच कशाला रडतोस?"

तेव्हापासून संध्याकाळी सातिवलीच्या कारखान्यातून आलो की मी ओळ म्हणायची, त्यांनी उत्तर द्यायचं. चाल माझ्या गळ्यात बसत गेली, तसा त्यांचा आवाज बारीक होत गेला. मला भलतंच वाटू लागलं. गाणं त्यांच्यातून निघून माझ्यात येतंय, आणि पूर्ण आलं की त्यांच्यात काही उरणार नाही. कडव्याच्या शेवटच्या ओळीला सूर हळूहळू खाली जातो आणि अगदी तळाशी थांबतो. तो उतार मी मुद्दाम चुकवू लागलो. पप्पा दुरुस्त करायचे, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा मध्येच सोडायचो. त्यांना दम लागायचा, ते मला दिसायचं, तरीही चुकायचो. वाटायचं, मी त्यांना धरून ठेवलंय.

मग एकदा लिफ्टमध्ये शेजारच्या फ्लॅटमधली मुलगी भेटली. साताऱ्याकडची, नुकतीच बाळंत झालेली. खांद्यावरच्या बाळाला थोपटत गुणगुणत होती. शब्द नव्हते, पण चाल तीच. आणि शेवटी ती तळापर्यंत उतरली. मी कधीच उतरलो नव्हतो तिथपर्यंत.

"हे कुठं ऐकलंत?"

"तुमच्या घरातल्या आजोबांकडनंच की, दादा. रोज दुपारी म्हणत्यात, भिंतीतनं येतं. आमचं हे कार्टं दुसऱ्या कशानं झोपतच नाही बघा." ती हसली. "अंगाई हाय का हो ती तुमच्यातली?"

मी हो म्हटलं.

घरी बायकोला विचारलं. ती म्हणाली, "रोज गातात. ओळही तेच म्हणतात, उत्तरही तेच देतात. मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे."

त्या संध्याकाळी मी पप्पांच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. शेवटची ओळ घेतली आणि उतरलो. तळापर्यंत.

उत्तर आलं नाही.

वळून अंथरुणाकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात भिंतीपलीकडून, बाळाला झोपवणाऱ्या त्या मुलीच्या आवाजात, उत्तर आलं.

"घाबरलास?" मागून पप्पा म्हणाले. "मुद्दाम गप्प राहिलो. एक दिवस असंच होनार हाय. तेव्हा थांबायचं नाय. पुढचं कडवं घ्यायचं."

"पप्पा, आज पुरे."

"घे."

मी पुढचं कडवं घेतलं. पलीकडे बाळ झोपलं असावं, कारण आता तिकडूनही काही ऐकू येत नव्हतं. पप्पा गप्पच होते. मी न वळता शेवटच्या ओळीपर्यंत गेलो, आणि या वेळी उत्तरासाठी थांबलो नाही.