ॲपवरचा आवाज

आमच्या शाळेत नववीच्या मराठीला ॲप आलं, तेव्हापासून मुलं घरी धडा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायची. ॲप ते ऐकून हिरवी किंवा लाल खूण द्यायचं. मी त्यांची मराठीची शिक्षिका; फुलपाड्याच्या माझ्या घरी भाजी निवडता निवडता तीच वाचनं पुन्हा ऐकायची.

पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली एक मुलगी वर्गात तोंड उघडायची नाही. उभं केलंच तर दोन ओळी पुटपुटायची, त्यात ‘पानी’, ‘कोन’, ‘आनि’. मागच्या बाकांवर खसखस पिकायची. ॲपवर मात्र तिचं वाचन खणखणीत, एकाही ‘ण’चा ‘न’ न झालेलं. मला संशय आला. हिची एखादी मोठी बहीण असणार, नाहीतर ट्यूशनवाली. मी कान देऊन ऐकू लागले. मागे कोंबडी ओरडायची आणि वाचन संपलं की एक बाई हळूच विचारायची, “झाला का गो?” हीच ती वाचणारी, असं मी ठरवूनच टाकलं.

मधल्या सुट्टीत मुलीला थांबवलं.

“खरं सांग, तुझ्याऐवजी कोण वाचतं?”

“मीच, टीचर.”

“मग आत्ता वाच.”

“मोबाइल द्या. तुमच्याकडं बघून नाय जमत.”

मी फोन दिला. भिंतीकडे तोंड करून तिने अख्खा धडा वाचला. आवाज तोच होता.

“आणि मागे बोलते ती?”

“आई. मी वाचते तवा ती गप बसते. ‘पानी’ बोलले का लाल येतं ना, मग परत परत वाचते.”

आता माझा संशय ॲपकडे वळला: त्याला खरंच ‘न’ आणि ‘ण’ वेगळे कळतात का? घरी मी स्वतःच धडा वाचला, मुद्दाम सगळीकडे ‘पानी’ म्हणत. हिरवी खूण. धडा सोडून दूधवाल्याचा निरोप वाचला, तरी हिरवी. पंखा मोठा करून शुद्ध वाचलं, तेव्हा लाल! त्याला गोंगाट तेवढा नको होता.

मुख्याध्यापकांना सांगितलं. “कंपनीला कळवतो,” म्हणाले. कळवलं की नाही, देव जाणे. मुलीला सांगितलं, “लाल यायचं ते कोंबड्यांमुळे, तुझ्या बोलण्यामुळे नाही.” मला वाटलं, ती खूश होईल. ती माझ्याकडे रोखून बघत राहिली.

“तुम्हाला कोनी सांगितलं?”

“मी करून पाहिलं ना, माझ्या फोनवर.”

“तुम्ही टीचर हाय. तुम्हाला लाल कशाला देल ते?”

मलाही लाल आलं होतं, हे मी सांगितलं. तिला ते पटलं नसावं.

पुढच्या वर्षी ॲप बंद झालं. का, ते कोणी सांगितलं नाही. दहावीच्या तोंडी परीक्षेला ती माझ्यासमोर बसली आणि थांबत थांबत वाचू लागली. दर वाक्याला मान वर करून माझा चेहरा बघायची, मगच पुढचं वाक्य.