दादानं आणलेले मक्याचे पोहे

दादा मिलिटरीत होता. एका उन्हाळ्यात तो सुट्टीवर कोरेगावला आला, ते कँटीनमधली कॉर्नफ्लेक्सची पाकिटं पिशवी भरून घेऊनच. पिशवी आईच्या हातात देत म्हणाला, "आई, आता सकाळी ह्येच खायाचं. उठल्या उठल्या चुलीपुढं बसायचं न्हाई." आई इतकी हरखली की पाकिटं आधी देवापुढं ठेवली.

दादा ड्यूटीवर परत गेल्यावर तिनं पहिलं पाकीट फोडलं आणि पोहे धुवावेत तसे कॉर्नफ्लेक्स रोळीत घालून पाण्याखाली धरले. फोडणी तडतडेपर्यंत रोळीत पोस्टर चिकटवायची खळ तयार. दुसऱ्या दिवशी दुधातून खाऊन पाहिले, तर ते कुणाच्याच घशाखाली उतरेनात. वडील म्हणाले, "म्हशीला घाल."

झालं, आई भडकलीच. "माज्या लेकानं आणलंय. म्हशीला एक कण जायचा न्हाई." दिवाळीला दादा येणार, आल्या आल्या विचारणार, खाल्लंस का म्हणून. आणि लेकाशी खोटं बोलणं तिला जमत नव्हतं, सगळी गोम तिथंच होती.

मग काय, सगळा स्वयंपाक मक्याच्या ताब्यात गेला. खळीत बेसन आणि कांदा कालवून थालीपिठं झाली. ती मात्र खरंच झकास होती, मी चार हाणली. भरल्या वांग्यात शेंगदाण्याच्या कुटाबरोबर कॉर्नफ्लेक्सचा चुरा जाऊ लागला. आमटी पातळ झाली, की टाक मूठभर. गूळ घालून लाडूही वळले, पण ते चावताना वडिलांची दाढ दुखावली आणि घरात दोन दिवस अबोला राहिला. मला तर त्या पिशवीकडं बघितलं तरी डोकं उठायचं. उरलेल्या पाकिटांचा आईनं दिवाळीला चिवडा केला, भरपूर लसूण आणि हिरव्या मिरच्या घालून.

दादा आला. पहिल्याच सकाळी त्यानं विचारलं, "आई, खाल्लंस का गं ते?"

"खाल्लं की. एक कण वाया घालवला न्हाई," आई ताठ मानेनं म्हणाली.

"मग आण की, आज दोघं मिळून खाऊ. तिकडं वाटी हातात घेतली की वाटतं, आत्ता माजी आईबी ह्येच खात असंल."

आईचं तोंड एवढंसं झालं. ती चिवड्याचा डबा घेऊन आली आणि त्याच्यापुढं ठेवून नुसती उभी राहिली. दादानं डब्यात पाहिलं. लसूण, मिरच्या, खोबऱ्याचे काप. मला वाटलं, आता हा हसतोय तरी, नाहीतर रुसतोय तरी.

त्यानं वाटीत चिवडा घेतला, माझ्याकडून दूध मागून घेतलं, त्यावर ओतलं आणि खायला लागला. दुधातली मिरची चावताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी चमचा थांबेना. मला त्याचा रागही आला आणि मायाही.

आई त्याच्याजवळ टेकली, दुसरी वाटी ओढून घेतली आणि म्हणाली, "मलाबी घाल रं थोडं दूध."