चौथ्या संघाचा सातवा गडी

१२ जानेवारी २००४ रोजी मर्व्हिन ट्रेगेन्झाने ॲडलेडच्या उपनगरी क्रिकेट संघटनेकडे १६५ डॉलर दंड भरला. गमबिला क्लबच्या चौथ्या संघाला मोसमात दुसऱ्यांदा पुरेसे खेळाडू जमले नव्हते. तिसऱ्यांदा तसे झाले, की संघ स्पर्धेतून बाद. मर्व्हिन या संघाकडून एकतीस वर्षे खेळला होता. गुडघा गेल्यावर तो क्लबचा चिटणीस झाला, तरी जीव अडकलेला चौथ्या संघातच.

क्लबची रीत जुनी. गुरुवारी सरावानंतर चार याद्या फळ्यावर लागत. मग कोणी गळला, की पहिला संघ दुसऱ्याचा गडी उचली, दुसरा तिसऱ्याचा, तिसरा चौथ्याचा. चौथ्याने कुठे जायचे, हे शंभर वर्षांत कोणी सांगितले नव्हते.

त्या आठवड्यात मर्व्हिनने फोनवर घसा बसेपर्यंत विनवण्या करून अकरा जण जमवले. शनिवारी सकाळी एक मासे पकडायला गेला, एकाला मेहुणीचे लग्न आठवले, दोघे फोनच उचलेनात. उरले सात. तेवढ्यात तिसऱ्या संघाच्या कर्णधाराचा, ब्रॉडीचा फोन.

"मर्व्ह, वरच्यांनी माझा एक नेला. लॅक्लनला पाठव."

"अरे, सातच आहेत माझ्याकडे! नियमाने निदान सात लागतात, एक कमी झाला तर सामनाच होणार नाही."

"मग तू उतर की म्हाताऱ्या. सीमारेषेवर उभं राहायला गुडघा कशाला लागतो?"

"तू धावतोस कधी? तुझे गुडघे तरी कुठे झिजलेत?"

"चिडू नकोस रे. रीत आहे ती. पाठवतोस ना?"

मर्व्हिनने फोन आदळला आणि लॅक्लनला पाठवले. मग पोटावर न बसणारी पांढरी पँट नाडीने आवळून तो सातवा गडी म्हणून उतरला. दिवसभर लंगडला, सामना हरला, पण संघ वाचला म्हणून घरी शीळ घालत गेला.

मंगळवारी संघटनेचे पत्र आले. सातपैकी एका खेळाडूची या मोसमात नोंदणी नाही, म्हणून तो धरता येत नाही. संघ सहा जणांचाच होता. नाव : एम. ट्रेगेन्झा.

त्याच्या बायकोने, ग्लेनिसने, पत्र दोनदा वाचले. "सगळ्या क्लबचे नोंदणीचे अर्ज तूच भरलेस ना? मग स्वतःचा?"

"मी कुठे खेळणार होतो? क्लबचे पैसे कशाला घालवायचे?"

"ब्रॉडीला नाही म्हणता आलं नाही तुला."

"एकतीस वर्षांत कोणाला आलंय!" तो खेकसला.

गुरुवारी फळ्यावर तीन याद्या लागल्या. मर्व्हिननेच त्या लिहिल्या. तिसऱ्या यादीत लॅक्लनचे नाव होते.

प्रत्येक खेळाडूने सामन्यामागे क्लबला द्यायची फी बारा डॉलर; ब्रॉडीकडे खेळलेल्या शनिवारची लॅक्लनची अजून आलेली नाही.