सामाईक माळवद

निजामाच्या राजवटीत लग्न होऊन मी भूमला आले. सासरे आणि त्यांचे दोन भाऊ, अशी तीन घरं एका माळवदाखाली होती. चुली वेगळ्या, पण मातीचं छत आणि त्याच्या तुळया सामाईक. आमचं घर मधलं.

दर उन्हाळ्याच्या शेवटी तिघं भाऊ वर चढून भेगा बघायचे. कचेरीतला शब्द उचलून त्याला ऐटीत 'मुआयना' म्हणायचे. ठरायचं मात्र दरवर्षी तेच, माती टाकायची. मग जो तो आपल्या वाट्यावर भावापेक्षा जरा उंच माती चढवायचा, म्हणजे पाणी भावाकडं वाहील. पुढच्या साली भाऊ त्याहून उंच चढवायचा.

एकदा मी न राहवून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, वरनं लई बघता. एकदा खालनं तुळई बघा की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

एका पावसाळ्यात त्या मातीच्या ओझ्यानं मधली तुळई वाकली. तेव्हा कुठं तिघं खाली येऊन माना वर करून उभे राहिले. टेकू द्यायचं ठरलं, आणि तो माझ्या चुलीपुढं रोवला गेला. त्यावर कुणीच भांडलं नाही.

टेकूही सामाईकच, असं सासरे म्हणायचे. भरली घागर घेऊन त्याला वळसा घालायची ती मी एकटी.