बोलके टी-शर्ट घालून दर्यापूरला

फुकटची सहल मी सहसा घेत नाही, कारण फुकटात नेणारा माणूस नंतर या ना त्या रूपात वसूल करतोच. ही घेतली, कारण सहल अमरावतीची होती. माझं माहेर अमरावतीचं, राजापेठेतलं. पुण्यात येऊन केस पांढरे झाले तरी थंडीत वऱ्हाडची आठवण आली की जीव खालीवर होतो. त्यात कुणी तिकीट काढून देतंय म्हटल्यावर मी कशाला नाही म्हणू?

नेणारी होती ईशिता. पुण्यात सेंद्रिय कापसाचे टी-शर्ट विकते. एका टी-शर्टच्या किमतीत आमच्या घरातल्या सगळ्यांची दिवाळी होईल. पण तो नुसता टी-शर्ट नाही म्हणे, संवाद आहे. छातीवर इंग्रजीत छापलेलं असतं, ‘माझ्या टी-शर्टबद्दल मला विचारा’. मग समोरचा विचारतो, तुम्ही त्याला शाश्वत जीवनशैली समजावून सांगता, आणि पृथ्वी वाचते. आम्हा तीन ब्लॉगवाल्यांना तिने बोलावलं. कापूस पिकतो तिथे तीन दिवस चला, आणि परत आल्यावर मनापासून लिहा, एवढीच अट. तर ईशिता, मनापासून लिहिते आहे.

पुण्याहून रात्रीची गाडी सकाळी बडनेऱ्याला सोडते. अमरावतीला जाणाऱ्यांनी तिथेच उतरावं, बाहेर रिक्षा आणि बस दोन्ही मिळतात. आम्ही उतरल्या उतरल्या ईशिताने एकेक टी-शर्ट हातात ठेवला. तीन दिवस हाच घालायचा, धुण्याचं पाणी वाचतं. मी वेटिंग रूममध्ये जाऊन घातला. कापड मऊ होतं हे कबूल करते, खोटं कशाला बोलू.

अमरावतीत सकाळी गिला वडा खायचा असतो. पोह्याने पोट भरायचं असेल तर पुण्यातच राहा. राजकमल चौकाच्या अलीकडे एका गाडीवर आम्ही उभे राहिलो. मऊ वडा, वर दही, वर तिखट, आणि खिशाला काडीची झळ नाही. गाडीवाल्याने आमचे चार एकसारखे टी-शर्ट पाहिले आणि विचारलं,

"कोनत्या कंपनीचं बियानं हाय, मॅडम?"

ते बोंडअळीचं साल होतं. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, वरून हिरवीगार आणि बोंडं आतून पोखरलेली. अळी येणारच नाही असं छातीठोक सांगून बियाणं विकलं होतं, आणि सांगायला जे आले होते ते असेच एका रंगाचे टी-शर्ट घालून आले होते. वऱ्हाडात घोळक्याने टी-शर्ट घालून फिरणारा माणूस एकतर बियाणं विकतो नाहीतर फवारणीचं औषध. दिवसभर सगळीकडे तेच. बसस्टँडवर एक काका तर माझ्या समोर येऊन उभेच राहिले.

"मागच्या सालीबी आल्ते तुमी. आता काहून आले?"

ईशिता खूश. "बघा, लोक स्वतःहून बोलतायत." मी म्हटलं, बोलत नाहीयेत बाई, भांडायला आलेत. तिने ते मोबाइलवर टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दर्यापूर. वलगाव मागे पडलं की दोन्ही बाजूंना काळी जमीन सुरू होते, ती संपतच नाही. रस्त्याला खड्डे आहेत, पाठीचा त्रास असेल तर पुढच्या सीटवर बसा. स्वतःची गाडी नसली तरी अडत नाही, एसटी आहे, आणि एसटी चुकली तर मागून जीप येतेच, फक्त मांडीवर कुणाचं तरी पोर घ्यायची तयारी ठेवा.

गाडीत ईशिताने आम्हाला टी-शर्टला लटकवतात तो पुठ्ठ्याचा टॅग दिला. त्यावर एका बाईचा फोटो. डोक्याला कपाळ झाकेल असा रुमाल बांधलेला, लुगड्यावर पुरुषाचा ढगळ शर्ट, कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस. खाली इंग्रजीत मजकूर, त्याचं मराठी असं: ‘ही वच्छला. शेतीच्या संकटाने तिचा नवरा हिरावून नेला. त्याचा जुना शर्ट अंगात घालून ती आजही त्याचं शेत कसते. तुमचा टी-शर्ट तिच्या धैर्याच्या धाग्याने विणला आहे.’ माझ्या शेजारच्या ब्लॉगवालीने डोळे पुसले. ईशिता म्हणाली, "ही लाइन वाचून लोक थांबतातच." आम्ही त्याच वच्छलाबाईंकडे निघालो होतो. बाजारापेक्षा चढ्या भावाने घेतलेला गतसालचा कापूस त्यांचाच होता, आणि यंदाचा न्यायला महिनाअखेरीस ईशिताचा ट्रक येणार होता.

गाव दर्यापूरच्या पुढे आहे. नाव लिहीत नाही, तिथे आमच्यासारखे पाहुणे आणखी नकोत.

वच्छलामावशी दारातच उभ्या होत्या. संक्रांत नुकतीच झाली होती, हळदीकुंकवाचे दिवस. ‘या, बसा’ म्हणाल्या आणि आत जाऊन करंडा घेऊन आल्या. त्यांच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात काळी पोत. मला कुंकू लावलं, तिळगूळ दिला. मग ईशितापुढे आल्या. ईशिता शाळेत छडी खायला उभं राहावं तशी ताठ उभी. मी मावशींच्या कपाळाकडे पाहिलं, मग हातातल्या टॅगकडे पाहिलं.

तेवढ्यात डोक्यावर तुराट्यांचा भारा घेतलेले एक म्हातारबाबा अंगणात आले. भारा टाकला, हात झटकले, ‘राम राम’ म्हणाले.

ईशिता माझ्या कानात म्हणाली, "दीर असतील."

मी सरळ विचारलं, "मावशी, हे कोण?"

मावशींनी पदर तोंडाला लावला. "आता काय सांगू वं तुले."

"मालक हाओ बाई या घरचा," म्हातारबाबाच बोलले. "नावाचाच."

ईशिताचा चेहरा मी जन्मभर विसरणार नाही. पण विषय तिथेही दबला असता. फोटोग्राफीचं निमित्त करून तिने सगळ्यांना शेतात नेलंच असतं. अडचण अशी झाली की तिने मावशींसाठी भेट म्हणून एक टी-शर्ट आणला होता, आणि आल्या आल्या तो त्यांच्या हातात दिलाही होता, टॅगसकट. मावशींना त्यावर स्वतःचा फोटो दिसला. त्या हरखल्या.

"माह्या फोटोखाली काय लिवलं हाये?"

"तुमचं कौतुक आहे, मावशी," ईशिता म्हणाली.

"मंग वाच नं. आयकू दे यायलेबी."

ईशिता मोबाइल काढून त्यात बघू लागली. मावशींनी टॅग माझ्याकडे दिला. "तू वाच. तू अमरावतीची हाये, तुह्यं मले समजते." ईशिता मानेने मला नको नको म्हणत होती. मी वाचला. इंग्रजी ओळ, लगेच आमच्या वऱ्हाडीत. एकही शब्द सोडला नाही.

मग म्हातारबाबांना हसू फुटलं. "चला, माह्यं आयुष्य वाढलं." मेल्याची खोटी बातमी उठली की माणूस जास्त जगतो, असं आमच्याकडे मानतात.

मावशी हसल्या नाहीत. "तुमचं वाढलं. माह्यं कुंकू पुसलं त्याचं काय? माही भाची पुन्यात राहाते. तिनं हे वाचलं तं रडत रडत येईन इकडे." मग ईशिताकडे वळल्या. "तुले कोनं सांगितलं हे?"

ईशिताने सांगितलं, आणि ते ऐकून मी कपाळावर हात मारून घेतला. मागच्या वर्षी तिने मावशींना नवऱ्याचं नाव विचारलं. मावशींनी खाली पाहिलं. तिने परत विचारलं. मावशी उठून आत गेल्या. ईशिताला गलबलून आलं, तिने पुढे काही विचारलंच नाही. त्यात अंगात पुरुषाचा शर्ट. जुळली कहाणी.

"चहा ठेवाले गेली होती मी," मावशी म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव घेत असते का कोनी तोंडानं? आन सदऱ्याचं म्हनशीन तं वेचनीत हात सोलून निघतेत. बाईच्या अंगात घरच्या मान्साचा जुना सदरा असतेच. साऱ्या गावाचे नवरे मेले का मंग?"

खरंच आहे. गाडीच्या काचेतून कुणी बाहेर पाहिलं असतं तरी कळलं असतं. वलगावपासून दर्यापूरपर्यंत शेतातली प्रत्येक बाई पुरुषाचा शर्ट घालून होती. पण आमच्या गाडीत सगळे टॅग वाचत होते.

ईशिता म्हणाली, "मावशी, ह्यात तुमचा अपमान नाहीये. लोक ह्याच्याशी कनेक्ट होतात."

मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला. "लिव," त्या ईशिताला म्हणाल्या. "पुंडलिक. पुंडलिक तुकाराम. जिवंत हाये. असं लिव."

म्हातारबाबांचं हसणं थांबलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोच्या तोंडून आपलं नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं असणार. ते उठून बैलांकडे गेले. मला रडू आलं, आणि त्याचबरोबर ईशिताच्या कानाखाली एक द्यावीशी वाटली.

समोरच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरला होता. गावात बाकीच्यांच्या पऱ्हाटीवर अळी फिरली तेव्हा मावशींचा देशी कापूस तगला. त्या खोलीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हे ओळ काढा, मंग कापूस न्या. नाही काढली तं गाडी रिकामी जाईन."

"शब्द देते, मावशी," ईशिता म्हणाली. तिघांच्या देखत म्हणाली.

मग बेसनाच्या पातोडीची रसभाजी आणि ज्वारीची भाकर जेवलो. अशी पातोडी हॉटेलात मिळत नाही, शोधू नका. ईशिता जेवली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

पुढे सेमाडोहचा कार्यक्रम होता. वाघाच्या जंगलात टी-शर्टचे फोटो. गाव सुटल्यावर ईशिता मागे वळून मला म्हणाली, "तुमची इथे ओळख आहे ना? जवळपासच्या गावात कुणी असेल का, म्हणजे जिचे मिस्टर खरंच..." तिने वाक्य पूर्ण केलं नाही, एवढी लाज शिल्लक होती.

मी दर्यापूरच्या स्टँडवर गाडी थांबवायला सांगितली, उतरले आणि अकोल्याची एसटी धरली. अकोल्याला स्टेशनसमोर एका खाणावळीत कढी-गोळे खाल्ले, गरम आणि झणझणीत. संध्याकाळच्या गाडीला भरपूर वेळ होता. टी-शर्ट बदलून साडी नेसले. त्यानंतर मला कुणी बियाण्याचं विचारलं नाही.

पुण्यात परतल्यावर ब्लॉग लिहायला बसले नाही. म्हटलं, शब्द दिलाय, वाट पाहू. पंधरवड्यात, ट्रक निघायच्या आधीच, कर्वे रोडवरच्या एका हॉलमध्ये ईशिताचा स्टॉल लागला. मी गेले. टॅग नवीन होता. फोटो तोच, वच्छलामावशींचा. अंगातला पुरुषाचा शर्ट तोच. मेलेल्या नवऱ्याची ओळ जशीच्या तशी. नाव फक्त बदललेलं. ‘ही सुनीता.’

"आता ते त्यांच्याबद्दल नाहीच ना," ईशिता म्हणाली. "आणि लाइनला रिस्पॉन्स आहे हो." मागे दोघीजणी टॅग वाचून हळहळत होत्या.

मी तिथूनच मावशींना फोन लावला आणि काय पाहिलं ते सांगितलं.

"नाव कोनाचं टाकलं?"

"सुनीताचं."

"आमच्या गल्लीत हाये एक सुनीता," मावशी म्हणाल्या. "तिचाबी जिवंत हाये." आणि फोन ठेवला.

तुम्ही वऱ्हाडात जाच. थंडीत जा, एसटीने जा, आणि अंगावर काही छापलेलं असू देऊ नका. माझ्याकडे त्या सहलीतला टी-शर्ट आहे. त्यातला कापूस खरोखर मावशींचा, म्हणून टाकवत नाही. यापुढे त्या स्टॉलवर जे मिळेल त्यावर चेहरा त्यांचा असेल, पण धागा त्यांचा नसेल. कारण महिना उलटल्यावर मी पुन्हा फोन केला.

"गाडी आल्ती का, मावशी?"

"आल्ती. डायवरले जेवू घातलं, रिकामी धाडली."

"आणि कापूस?"

"अकोटच्या बाजारात इकला. साध्याच भावात गेला. पन तिथं कापूसच पायतेत वं. नवऱ्याचं कोनी इचारत नाही."