शिंगाड्याच्या तळ्यावर, लाल मुनियांच्या मागावर

कार्तिकात वाराणसीला जायचं ठरलं ते दादाच्या एका वाक्यामुळे. मुकुंददादा माझा आतेभाऊ. जन्म, शाळा, नोकरी सगळं बनारसचं. रेल्वेच्या हिशेबखात्यातून निवृत्त झाला आणि तेव्हापासून शहराबाहेरच्या एका तळ्यावर पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करतो. मलाही हा नाद त्यानेच लावला. फोनवर तो सहसा हवापाण्यावर बोलतो. त्या दिवशी म्हणाला, "तळं मुकं झालं गं. येऊन ऐकून जा. पुढच्या सोमवारी मी ब्लॉकच्या सरकारी कचेरीत तक्रार देतोय."

तक्रार कोणाविरुद्ध, तर ज्याने ते तळं शिंगाड्यासाठी पट्ट्याने, म्हणजे भाडेकराराने, घेतलंय त्या रामधनीविरुद्ध. त्याच्या औषधफवारणीने किडे मेले आणि किड्यांमागोमाग छोटे पक्षी गेले, असं दादाचं म्हणणं. मी रेकॉर्डर, हेडफोन आणि एक स्वेटर भरला आणि नाशिकरोडहून गाडी पकडली.

जाणाऱ्यांसाठी: नाशिकरोडहून वाराणसीला थेट गाड्या आहेत, साधारण एक दिवस लागतो. कार्तिकात गर्दी असते, तिकीट आधीच काढा. स्टेशनवरून मैदागिनपर्यंत ऑटो मिळते, पुढे गल्ल्यांत पायीच. दूधविनायकला दादाचं घर आहे. तिथे पत्ता विचारताना घराचा नंबर सांगून उपयोग नाही, "मराठी लोग किधर रहते हैं" असं विचारलं की एखादं पोरगं किंवा गाय वाट मोकळी करून देते.

माधवीवहिनींनी दारातच हातातली बॅग घेतली. "दुबली झालीस. चल, हात धू, चुडा-मटार गरम आहे." त्यांचं मराठी असंच, अर्ध्या वाटेत हिंदीला भेटून येणारं. तुपात परतलेले पोहे आणि कोवळे मटार. आपल्या पोह्यांची सवय असलेल्या जिभेला आधी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, दुसऱ्या घासाला वाटेनासं होतं.

संध्याकाळी बालाजी घाटावर जाऊन बसलो. शेजारच्या पंचगंगा घाटावर उंच बांबूंच्या टोकाला टोपल्यांतले आकाशदिवे चढवत होते. दादा नदीकडे तोंड करून तळ्याबद्दलच बोलत राहिला. त्याची तक्रार रागाची नव्हती. एखाद्या घरी आपलं जाणंयेणं असावं आणि ते घर बंद झालेलं दिसावं, तसा तो बोलत होता.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्याच्या स्कूटरवरून निघालो. सारनाथ मागे टाकलं की रस्ता बरा आहे, मग डावीकडे वळून विटांची खडबडीत वाट. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या इवल्याशा लाल मुनिया पिंजऱ्यासाठी पकडून विकणारे लोक अजून आहेत. तुम्हाला असं तळं हवं असेल तर वाराणसीच्या आसपास कुठल्याही गावात जा, प्रधानाला, म्हणजे तिथल्या सरपंचाला, विचारा आणि पहाटे जा. गरम कपडे घाला, कारण तळ्यावरचं धुकं हाडांत शिरतं.

तळं मोठं नाही. तीन बाजूंना शेतं, एका बाजूला पाणकणसांचा दाट पट्टा. पाण्यावर शिंगाड्याची पानं अशी पसरलेली की पाणी शोधावं लागतं. त्या पानांवरून एक कमळपक्षी लांब बोटं टाकत चालला होता. मध्यभागी एक जोडपं ट्रकच्या फुगवलेल्या दोन ट्यूबवर बसून शिंगाडे खुडत होतं. वेल उचलायचा, पालथा करायचा, खालची फळं तोडायची, वेल पुन्हा पाण्यात ठेवायचा. तोच रामधनी आणि त्याची बायको.

दादाची रेकॉर्डिंगची पद्धत ठरलेली आहे. बटण दाबलं की कोणी हलायचं नाही, खोकायचं नाही. शेवटी तो हलक्या आवाजात जागा, हवा आणि ऐकलेल्या पक्ष्यांची नावं सांगतो आणि मगच बंद करतो. इतकी वर्षं त्याने मला पाठवलेल्या प्रत्येक आवाजाच्या शेवटी ही त्याची घोषणा आहे. मी पक्षी शिकले ते त्या घोषणांवरून.

मी हेडफोन लावले आणि त्याने बटण दाबलं. टिटवी ओरडली. भारद्वाजाचं घुमणं लांबून आलं. पाणकोंबडी कुरकुरली. आणि या सगळ्याच्या वर, अगदी वरच्या पट्टीत, पाणकणसांतून काचेचे मणी सांडावेत तसा बारीक आवाज सतत येत होता. लाल मुनिया, एकदोन नाही, थवाच. मग एक तीक्ष्ण, सुईसारखी शीळ पाण्यावरून सरकत आली. मी मान वळवली आणि निळा लहान खंड्या माझ्यासमोरून गेला. दादा दुसरीकडे बघत होता.

पूर्वी खंड्या दिसण्याआधी, नुसत्या शिळेवर दादा वळायचा. मला कोपर मारून दिशा दाखवायचा.

शेवटी त्याने घोषणा केली. "टिटवी, भारद्वाज, पाणकोंबडी. छोटे पक्षी नाहीत." त्याच्या आवाजामागे मुनिया बोलतच होत्या.

"ऐकलंस?" त्याने बटण बंद करून विचारलं. "काही राहिलंय का?"

मी म्हणाले, "घरी जाऊन नीट ऐकते."

तोवर रामधनी ट्यूब वल्हवत काठाला आला होता. ओल्या हातांनी त्याने शिंगाड्यांची ओंजळ माझ्या पुढ्यात ठेवली. "बहिनजी, बाबूजी को समझाइए। पट्टा छूट गया तो हम कहाँ जाएँगे? दवा तो पत्ता पर थोड़ा-सा मारते हैं, कीड़ा पूरा पत्ता खा जाता है।"

"थोड़ा-सा?" दादा म्हणाला. "थोड़े-से में सब चिड़िया भाग गई?"

"अजी, इनको फेर सुरू मत कराओ," त्याची बायको पाण्यातून ओरडली. "बाबूजी, पहले सिंघाड़ा खा लीजिए, फिर गरियाइए।"

शिव्या बाजूला ठेवून दादाने शिंगाडा सोलून खाल्लाही. सोमवार मात्र मागे घेतला नाही.

परतताना सारनाथच्या अलीकडे कचोरी-जिलबी खाल्ली. पन्नास-साठ रुपयांत दोघांचं पोट भरतं. दादाने माझ्या पानात जिलबी जास्तीची टाकली. मी शांत आहे याचा अर्थ त्याने मी त्याच्या बाजूची आहे असा लावला असावा.

दुपारी तो झोपल्यावर मी लॅपटॉप उघडला. आवाजाचं चित्र काढणारं सॉफ्टवेअर आता कोणालाही फुकट मिळतं. खालचे आवाज तळाशी, बारीक आवाज वर, असे काळे ठिपके आणि रेघा उमटतात. दादा त्याला हसतो. "चित्र बघून पक्षी ओळखायचा म्हणजे फोटो बघून जेवायचं." म्हणून त्याने कधी बघितलेलं नाही. चित्राचा वरचा भाग ठिपक्यांनी भरलेला होता. खंड्याची शीळ एखाद्या ओरखड्यासारखी आरपार गेली होती.

वहिनी मटार सोलत मागे येऊन उभ्या राहिल्या. मी काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, "मला ठाऊक आहे." मग एक शेंग सोलून: "पहाटेचा घड्याळाचा अलार्म वाजतो, हे शेजारी झोपलेले. मीच उठवते. म्हणतात, घड्याळ खराब. दुसरं आणलं, तेही खराब निघालं."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"मी सांगितलं की झगडा होतो. तू सांग. तुझं ऐकतील, तू मशीनवाली." शेंगा संपल्या तरी त्या परातीत हात फिरवत राहिल्या. "पण हळूच सांग. त्यांच्याकडे आता ते तळंच आहे."

मला वाटत होतं, न सांगता निघून जावं. त्याला तळं मुकं वाटतंय, वाटू दे, तळ्याला काय फरक पडतो? पण रामधनीला पडत होता. आणि दादाला आपलं तळं मेलंय असं वाटत होतं, ते जिवंत असताना.

रविवारी पुन्हा गेलो. रेकॉर्डिंग झालं, घोषणा झाली, कालचीच तीन नावं. मग बांधावर बसून मी लॅपटॉप मांडीवर घेतला. "दादा, एकदा माझ्यासाठी हे बघ. ही टिटवी. हा भारद्वाज, अगदी खाली. आणि हे वरचं."

त्याने चष्मा पुसला. "रातकिडे असतील."

"उजेडात?"

"तुझा माइक खरखरतोय."

"तुझ्याच रेकॉर्डरचं आहे."

तो पडद्याजवळ वाकला. ठिपक्यांवर बोट ठेवून ते हळूहळू उजवीकडे नेलं. बराच वेळ नेलं. मग पडद्याकडेच बघत विचारलं, "काय आहे?"

"लाल मुनिया. थवा आहे. पाणकणसांत."

"तुला ऐकू येतंय?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ताही."

त्याने दुर्बीण उचलली. मी दिशा सांगितली नाही, त्याची त्याने शोधली. धुकं विरळ होत होतं. कणसांच्या मध्ये कुंकवाच्या बोटाएवढे लाल ठिपके हलत होते, चोची उघडत होत्या, मिटत होत्या. दादाने दुर्बीण खाली केली नाही. नंतर म्हणाला, "गळा फुगतोय बघ त्याचा." आणि आणखी काही वेळाने, अगदी हिशेबखात्याच्या आवाजात, "मागच्या कार्तिकात ऐकू येत होतं. नक्की येत होतं."

मी लॅपटॉप मिटला.

रामधनी लांब उभा होता. दादा उठला, धोतराची माती झटकली आणि त्याच्याकडे गेला. "कल ब्लॉक नहीं जा रहे हैं।"

रामधनी दोन पावलं पुढे आला. "तो चिड़िया लौट आईं, बाबूजी?"

"लौट आईं," दादा म्हणाला. "दवा फिर भी कम मारो।"

निघताना त्याने पुन्हा रेकॉर्डर लावला. मला वाटलं, जुनी सवय. शेवटी नावं सांगितली: टिटवी, भारद्वाज, पाणकोंबडी. आणि बंद न करता माइक माझ्याकडे वळवून म्हणाला, "आणि?"

मी म्हणाले, "लाल मुनिया. लहान खंड्या."

नाशिकला येऊन आता बरेच दिवस झाले. वहिनी दादाला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. यंत्र मिळेल, बोलणं नीट ऐकू येईल, पण मुनियांच्या पट्टीचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. प्रवासातून काय राहिलं म्हणाल, तर चुडा-मटार मी घरी दोनदा केले, एकदा जमले. आकाशदिव्यांचे फोटो हलले. बाकी एक शंका राहिली. मीही पंचेचाळिशी ओलांडली आहे. माझ्या अंगणातून कोणता आवाज निघून गेलाय, हे मला तरी कसं कळणार? सकाळी चहा घेताना हल्ली मी उगीच इकडे तिकडे बघते.

परवा दादाचं नवं रेकॉर्डिंग आलं. धुकं, रविवार, हवा पडलेली. टिटवी, पाणकोंबडी, पाणकावळा, कमळपक्षी. मग त्याचा आवाज म्हणाला, "आणि?" आणि त्याने बटण बंद केलं नाही. तळं तसंच वाजत राहिलं, वरच्या पट्टीत मणी सांडत राहिले. माझ्यासाठी ठेवलेली जागा होती ती.

ओट्यापाशी उभं राहून मी मोठ्याने म्हणाले, "लाल मुनिया."