तिसरा हात मालकाचा

पायपाहे बाबाजी कुणाच्या घरात शिरले की माणसाच्या तोंडाकडे बघत नसत, पायांकडे बघत. समोर तहसीलदार असो की म्हशीवाला, त्यांची नजर घोट्याच्या वर चढायला पाच मिनिटं लागायची. मी लग्न होऊन तुमसरला आले तेव्हा ‘पायपाहे’ हे त्यांचं आडनावच आहे असं समजत होते. माझी चूक माफ करण्यासारखी होती, कारण नवीन पोस्टमनही त्याच नावानं त्यांची पत्रं आणून टाकायचा आणि बाबाजी निमूटपणे घ्यायचे.

त्यांचा धंदा लाकडाला पॉलिश करण्याचा. पलंग, देव्हारे, दारं, जे मिळेल ते. पण पायांखाली येणारं लाकूड असलं की त्यांच्या अंगात यायचं. “मले लाकूड नोको दाखवू, घरचे पाय दाखव,” असं ते म्हणायचे. “लाकूड सारखंच असते, चालनारा सारखा नसते.” गिऱ्हाईक पॉलिशचा रंग विचारत असायचं आणि हे त्याच्या म्हाताऱ्या आईला म्हणत असायचे, “माय, पाय पुढं कर.” दोन-तीन घरांतून त्यांना त्यापायी हाकललंही होतं.

आमच्याकडे त्यांना बोलावलं ते माडीसाठी. आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. माझे सासरे शाळेत मास्तर. नागपूरला कुण्या साहेबाच्या बंगल्यात त्यांनी लाकडी जमीन पाहिली आणि ती त्यांच्या डोक्यात बसली. सागाची फळी परवडेना, म्हणून एका मित्राच्या दुकानातून नवीन तऱ्हेचं लाकूड आणलं. पातळ थर एकावर एक चिकटवलेले आणि वरून सागाचा पापुद्रा. बाबाजींनी एक तुकडा उचलला, वाकवला, वास घेतला आणि म्हणाले, “मास्तर, हे लाकूड नोहे. लाकडाचा पापड हाये.”

मग आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं करून पाय तपासले. माझ्यापाशी थांबून म्हणाले, “सुनबाई, जोडव्याले टोक हाये. महिन्याभरात माडी नांगरून काढसान तुमी.” लग्नात माझं कौतुक पुष्कळांनी केलं होतं, अशी दखल कुणी घेतली नव्हती.

त्यांचं मत पडलं जवसाच्या तेलाचं. सासऱ्यांना हवा होता चपडा, म्हणजे लाखेचं चकचकीत पॉलिश. “तोंड दिसलं पाहिजे बाबाजी, आरशावानी.”

“तोंड पाहाले भिताडावर आरसा हाये ना. जमिनीत तोंड पाहून का करसा? अन् चपड्याले पानी चालत नाही. ओलं लागलं का पांढरा डाग.”

“माडीवर पाणी नेतो कोण?” सासरे म्हणाले. मास्तरांपुढे कोण बोलणार? बाबाजींनी चपडा मारला.

माडी अशी चमकली की आमचं मांजर दारातून शिरलं आणि थेट पलीकडच्या भिंतीला जाऊन लागलं. आम्ही वर चोरासारखे चालायचो. सासरे शाळेतल्या एकेका सहकाऱ्याला बोलावून त्याला त्याचंच तोंड दाखवत. आणि एवढ्या शहाण्या घरात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. आमच्याकडे पाहुणा आला की आधी गडवाभर पाणी पुढे होतं. पाय धुतल्याशिवाय आत येणारा अडाणी आणि पाणी न देणारं घर त्याहून अडाणी.

सासऱ्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, करडी गावात धानाची शेती करत. त्यांनीच सासऱ्यांना शिकवून मास्तर केलं होतं. रोवणं, म्हणजे धानाची लावणी, आटोपल्यावर ते लहान भावाची माडी बघायला आले. नवी माडी म्हणून दोन गडवे पाणी घेऊन, घासून घासून पाय धुतले आणि वर गेले. जेवण झालं. ते उठले तेव्हा जिन्यापासून पाटापर्यंत पांढरी पावलं उमटलेली होती.

“दादा, पाय पुसून तरी याचं,” सासरे म्हणाले.

मोठेबाबांनी स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि खाली उतरले. पुढे बाजाराला आले की जिन्याच्या खालच्या पायरीवर बसत, चहा पीत आणि निघून जात. दिवाळीला करडीहून नवे पोहे आले, मोठेबाबा आले नाहीत. सासरे तेव्हापासून खालीच जेवू लागले.

शेवटी डाग काढायला बाबाजींना बोलावलं. ते उकिडवे बसले आणि पावलांमागून पावलं बघत पाटापर्यंत सरकले. “हे पाय तं करडीचे. आंगठा बाहीर, टाच फाटली. जलमभर चिखलात उभा हाये हा मानूस.”

“निघतील का?”

“स्पिरिटाचा फडका मारला का निघते. पन मी नाही काढत. ज्याचे पाय हायेत त्याले आना. तो इथं उभा राह्यला का काढतो.”

“पॉलिशवाल्यानं दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये,” सासरे कडाडले.

“नाक कुठी खुपसलो? मी तं पाय पाहून राहिलो.”

तीन दिवस हा मनुष्य रोज सकाळी यायचा, मोठेबाबांच्याच पायरीवर बसून चहा प्यायचा आणि पॉलिशचा डबा न उघडता घरी जायचा. चौथ्या दिवशी सासऱ्यांनी सायकल काढली आणि करडीला गेले. तिथे काय बोलणं झालं ते दोघांनीही कधी सांगितलं नाही. संध्याकाळी दोघं भाऊ आले, आणि मोठेबाबांच्या हातात घरच्या जवसाच्या तेलाचा डबा होता.

दुसऱ्या दिवशी बाबाजींनी दोघांच्याही हाती काचकागद दिला. “चपडा घासून काढा. हळू मास्तर, पापड हाये, फाटन.” ज्यांच्यापुढे अख्खा वर्ग थरथर कापायचा ते आमचे सासरे धोतर खोचून भावाशेजारी गुडघ्यावर बसले होते. सासूबाई पदर तोंडाला लावून खाली पळाल्या. मी तिथेच हसले.

तेलाचे तीन हात, दिवसाआड एक. बाबाजींचं ठरलेलं वाक्य होतं, “पयला हात लाकूड पिते, दुसरा जिरवते, तिसरा मालकाच्या समाधानाचा.” सगळं वाळल्यावर त्यांनी स्वतः मोठेबाबांच्या पायांवर पाणी ओतलं आणि ओल्या पायांनी त्यांना वर धाडलं. डाग पडला नाही. तोंडही दिसत नव्हतं. महिनाभर घराला जवसाच्या चटणीचा वास येत होता आणि मोठेबाबा दर बाजाराला वर जेवत होते.

बाबाजी काम करताना मागे मागे सरकत दाराबाहेर पडत. आपण केलेल्या जमिनीवर ते कधी चालले नाहीत. स्वतःच्या पायांनाही कुणाला हात लावू देत नसत. मी नमस्काराला वाकले की टुणकन बाजूला होत. “पाह्यासारखे नाहीत माह्ये पाय,” म्हणत.

सात-आठ वर्षांनी ते अंथरुणाला खिळले तेव्हा मी भेटायला गेले. पाय गोधडीबाहेर होते. लाखेनं काळपट पडलेले, टाचांना भेगा. जगाचे पाय बघणाऱ्याचे पाय कुणी बघितलेच नव्हते. मला त्यांचा रागच आला. कोनाड्यात तेलाची बाटली होती, ती घेऊन मी सरळ त्यांच्या पायांशी बसले. ते कुरकुरले, मग म्हणाले, “चोपडू नोको. आज एकच हात.”

दिवसाआड मी दुसरा हात मारला. डोळे मिटूनच ते म्हणाले, “आता जिरलं.”

तिसऱ्या खेपेला गेले तेव्हा दारात माणसं जमली होती. मला खूप रडू आलं. बाटली कोनाड्यात तशीच होती, मी ती उचलली नाही. वाकून पायांवर डोकं ठेवलं. या वेळी ते बाजूला झाले नाहीत. टाचा मऊ होत्या. तिसऱ्या हाताची त्यांना गरज नव्हती.